पाणी हवंय तुला?

तिची मान माझ्या दंडावरून मागे पडली आणि डोळे पांढरे झाले. मी तिला हलवलं, गालावर चापट्या मारल्या, नावानं हाका मारल्या. हाकेला ती एरवीही वळत नसे. अंग भाजत होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. ओठांची सालं निघाली होती.

मी ॲम्ब्युलन्ससाठी नऊ नऊ नऊ लावला. पलीकडची बाई शांत होती. श्वास चालतोय का? चालतोय. जागी आहे का? नाही. वय किती? तीन. मग तिनं विचारलं, शेवटचं पाणी कधी प्यायली?

मी मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मी साडेनऊला आले होते, आता तीन वाजत होते. मी आल्यापासून तिच्या पोटात थेंब गेला नव्हता.

आणि तेवढ्या वेळात ती मला निदान वीस वेळा म्हणाली होती, "पाणी हवंय तुला?" वीसही वेळा मी तिला उत्तर दिलं होतं, "नको गं बाई, मला नको. आत्ताच चहा झाला."

ती माझ्या मैत्रिणीची मुलगी. मैत्रीण म्हटलं की लोक हसतात, कारण मी पंच्याहत्तरीची आणि ती पस्तिशीची. ती मला मावशी म्हणते, अहो-जाहो करते. पण इंग्लंडात, या स्लाऊमध्ये मला तिच्याशिवाय कुणी नव्हतं आणि तिलाही माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तेव्हा दुसरा शब्द कुठला लावणार? माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा नॉटिंगहॅमला असतो. रविवारी फोन करतो, "बरी आहेस ना?" विचारतो आणि मी हो म्हणायच्या आत पुढचं बोलायला लागतो.

आमची ओळख लिफ्टपाशी झाली. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडते. मी बटण दाबत होते आणि तिला शिव्या देत होते, "मर मेले, तिथंच बस. तुला काय, गुडघे माझे जातात." मागून कुणीतरी खुदकन हसलं. वळून बघते तर जीन्स घातलेली एक पोर, गळ्यात बारीक मंगळसूत्र, छातीशी पट्ट्यात बांधलेलं तान्हं मूल.

"मावशी, तुम्ही आमच्याकडच्या का?"

"तुमच्याकडची म्हणजे? तू पुण्याची दिसतेस. मी कराडकडची. आमच्यात लिफ्टला नाही, माणसांना शिव्या देतात."

त्या दिवशी आम्ही दोघी मिळून सहा मजले चढलो. मूल मी घेतलं होतं. कडेवरून ते मूल जिन्यातल्या ट्यूबलाइटकडे बघत राहिलं, माझ्याकडे एकदाही नाही. मला ते तेव्हा काही वाटलं नाही. तान्ही मुलं उजेडाकडे बघतातच.

मी चौथीपर्यंत शिकले. मराठी लिहिते, वाचते. इंग्रजी बोलते ते कामावर शिकलेलं, पण कौन्सिलच्या पाकिटातलं इंग्रजी मला लागत नाही. ती दर शुक्रवारी यायची, माझी पत्रं वाचून दाखवायची, चहा प्यायची, नवऱ्याच्या आणि सासूच्या तक्रारी करायची. पोर माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून वाट्या मांडायची. मोठी, तिच्याहून लहान, तिच्याहून लहान. एखादी वाटी मी आमटीसाठी उचलली की अशी किंचाळायची की खालच्या मजल्यावरचा म्हातारा छताला काठी ठोकायचा.

"शिस्तीची आहे," तिची आई म्हणायची.

"तुझ्यापेक्षा तरी बरी," मी म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

मला कळत नव्हतं असं नाही. ते मी आधी सांगून टाकते. मी सव्वीस वर्षं एका प्रायमरी शाळेत डिनर लेडी होते, मुलांना दुपारचं जेवण वाढायचे. शिक्षकांनी मुलं वर्गात बघितली, मी ताटापाशी बघितली, आणि ताटापाशी पुष्कळ काही दिसतं. एक होता, बटाट्याला वाटाण्याचं पाणी लागलं की टेबलाखाली जाऊन बसायचा. एक मुलगी रोज खिडकीजवळच्या त्याच खुर्चीवर बसायची. एके दिवशी कुणीतरी खुर्ची हलवली, तर तिनं स्वतःचा हात रक्त येईपर्यंत चावला. पहिल्या वर्षी मी अशा मुलांना लाडावलेली म्हणायचे. मग हळूहळू कळलं. शिक्षक त्याला ऑटिझम म्हणायचे. तो शब्द माझ्या तोंडात अजूनही नीट बसत नाही. पण मूल समोर आलं की मला दिसतं.

या पोरीत मला पक्कं दिसलं ते बोरन्हाणाच्या दिवशी. ती अडीच वर्षांची होती. बोरन्हाण खरं तर आधीच व्हायला हवं होतं, पण पहिल्या संक्रांतीला तिला ताप होता आणि दुसऱ्या वेळी हे लोक पुण्याला जाऊन आले. आजीनं पुण्याहून हलव्याचे दागिने पाठवले होते, काळा फ्रॉक पाठवला होता. बोरं इथं मिळाली नाहीत म्हणून आईनं चुरमुऱ्यांत चॉकलेटं, मार्शमेलो आणि ब्लूबेरी मिसळल्या होत्या. ब्लूबेरीचे डाग कार्पेटवर पडतील म्हणून खाली चादर. पाच-सहा मराठी घरांतल्या बायका आणि त्यांची पोरं.

डोक्यावरून ते सगळं ओतलं तशी तिनं दोन्ही कान गच्च दाबले आणि भिंतीला पाठ लावून ओरडायला लागली. बाकीची पोरं चॉकलेटं गोळा करत एकमेकांच्या अंगावर पडत होती. त्यांच्याकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. मुकुट ओरबाडून काढला, बाजूबंद काढला. बायका म्हणाल्या, टोचत असेल, काटेरी असतो ना हलवा. खरंच टोचत असेल. मग हार तुटला. हार तुटल्यावर ती गप्प झाली आणि कोपऱ्यात बसून दाणे लावायला लागली. जाड काट्याचे एका ओळीत, बारीक काट्याचे दुसऱ्या ओळीत. मला चष्मा लावूनही त्या दोन्हींत फरक दिसत नव्हता.

"बघा, आत्तापासून गणित!" एक बाई म्हणाली.

"आयटीवाल्यांचं रक्त आहे ते."

थोड्या वेळानं ती उठली. चवड्यांवर चालत, ती नेहमी चवड्यांवरच चालायची, त्या बाईसमोर येऊन उभी राहिली आणि तिच्या बांगडीकडे बघत स्पष्ट म्हणाली, "पाणी हवंय तुला?"

सगळ्या बायका विरघळल्या. "अगं बाई! एवढीशी पोर आणि पाहुण्यांना पाणी विचारते!" "आमचा सात वर्षांचा घोडा स्वतःचा ग्लास उचलत नाही." "इंग्लंडमध्ये राहून संस्कार आहेत हो, मानलं पाहिजे." तिची आई लाल झाली. म्हणाली, "घरी कुणीही आलं की विचारते." आणि तिला उचलून आत स्वयंपाकघरात घेऊन गेली.

मीही म्हणाले, गुणाची आहे. पण मी तिचं तोंड बघत होते. उत्तराची वाट बघणाऱ्या मुलाचं ते तोंड नव्हतं. दुकानाच्या काउंटरसमोर माणूस उभं राहतं, आता हातात वस्तू येईल म्हणून, तशी ती उभी होती. मला तेव्हा एवढं दिसलं. पुढचं काही लक्षात आलं नाही.

मी फटकळ आहे. एका बाईला मी तिच्या हळदीकुंकवात सांगितलंय की तुझा नवरा पितो आणि ते तुझ्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मुलाला सांगितलंय की तुझ्या बायकोपेक्षा तूच आळशी आहेस. मनात एक आणि तोंडावर एक मला जमत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत आले. आणि हे मात्र मी बोलले नाही. दयेपोटी नाही, उगाच चांगुलपणा कशाला घेऊ? मला शुक्रवार जाईल अशी भीती वाटली. ती रागावली तर पत्रं कोण वाचणार, चहाला कोण येणार, एवढाच माझा विचार होता.

एकदाच, एप्रिलमध्ये, मी कडेकडेनं गेले.

"तिचे कान एकदा डॉक्टरला, आपल्या जीपीला दाखव."

"कान उत्तम आहेत, मावशी. क्रिस्पचं पाकीट फोडलं तर दोन खोल्यांतून पळत येते."

"मग हाक मारल्यावर का बघत नाही?"

"स्वतःच्या तंद्रीत असते. घरात दोन भाषा आहेत ना, म्हणून बोलणं उशिरा. मुलं तपासायला येते ना, ती हेल्थ व्हिजिटर पण म्हणाली, होतं असं. आणि आमच्या सासूबाई सांगतात, हिचा बाप चार वर्षांपर्यंत बोलत नव्हता, आता थांबतो का बघा!"

ती हसली. मी हसले. "असेल," मी म्हटलं आणि चहा गाळला. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

जुलैमध्ये कडक ऊन पडलं. आमच्या बिल्डिंगच्या खिडक्या चार बोटंच उघडतात, कुणी पडू नये म्हणून. सहाव्या मजल्यावर दुपारी भिंतींचा हाताला चटका बसे. त्यातच पोरीला जुलाब झाले. नर्सरीचा नियम असा की पोट बिघडलं तर मूल दोन दिवस घरी ठेवायचं. बाप ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका कंपनीत, त्याला सुट्टी नाही. आईची लंडनला महत्त्वाची मीटिंग. ती आदल्या संध्याकाळी माझ्या दारात आली.

"फक्त चार वाजेपर्यंत, मावशी. जुलाब थांबलेत आता. पाणी देत राहा. आणि नळाशी नेऊ नका, एकदा नळ सोडला की ती तासभर धार बघत बसते, मग बंद केला की आकांत."

सकाळी मी पोचले तेव्हा ती बुटाच्या लेस बांधत बाहेर पडत होती. बाप आधीच गाडी घेऊन गेला होता. स्वयंपाकघराच्या दाराला छोटं फाटक लावलेलं होतं, आत सुऱ्या असतात म्हणून.

दहा वाजता मी पोरीला स्टीलच्या भांड्यात पाणी दिलं. तिनं हातानं उडवलं. मी फरशी पुसली. अकराला काचेच्या ग्लासात दिलं. दात आवळून घेतले. चमच्यानं देऊन बघितलं, तोंड फिरवलं. मी दोन मुलं वाढवली, त्यांतलं एक गेलं. मला वाटलं, तहान नसेल. लागली की मागेल.

आणि ती मागत होती.

पहिल्यांदा आली तेव्हा मी सोफ्यावर बसले होते. माझ्या बाहीकडे बघून म्हणाली, "पाणी हवंय तुला?" मी म्हटलं, "नको राणी." ती गेली, परत आली. "पाणी हवंय तुला?" आवाज तिच्या आईचा, चढउतार तिच्या आईचा, अगदी शेवटचा हेल सुद्धा. मला गंमत वाटली. मी म्हटलं, "किती गं काळजी माझी!" मग तिनं माझं मनगट धरलं. बोटं नाही, मनगट. ओढत फाटकापाशी नेलं आणि माझा हात उचलून फाटकाच्या कडीवर ठेवला. आपण पळी धरतो आणि पळीनं आमटी घेतो, तसा तिनं माझा हात धरला होता. मी विचार केला, हिला नळाची धार बघायची आहे. आईनं बजावलंय. मी हात काढून घेतला.

"नाही. नळ नाही."

ती खाली पडून डोकं आपटायला लागली. मी डोक्याखाली उशी सरकवली. थोड्या वेळानं दमली. परत उठली. "पाणी हवंय तुला?" एक वाजता मला त्याचा कंटाळा आला होता. मी म्हटलं, "एकदा सांगितलं ना नको! डोकं नको खाऊस." हे मी तिला म्हणाले. दोन वाजता आवाज घोगरा झाला. अडीचला ती माझ्या पायाशी आडवी झाली होती आणि ओठ तेवढे हलत होते. मला वाटलं झोप येतेय, ऊन आहे, झोपू दे. पंखा तिच्याकडे फिरवला. मग तिला मांडीवर घेतलं तेव्हा मान पडली.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. लिफ्ट चालू होती, एवढं एक बरं झालं.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी तिच्या हाताला सलाईन लावलं. सुई घालायला तीनदा प्रयत्न केला, ती रडलीसुद्धा नाही. एक तरुण डॉक्टर मला विचारत होता, पोटात पाणी किती गेलं, किती वेळा. मी खरं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. माझ्याकडे वाईट नजरेनं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आई धावत आली तेव्हा ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच होतं. बाप तिच्या मागून आला. त्याच्या हातात पोरीचा पिवळा कप होता, दोन कानांचा, झाकणाला तोटी असलेला. सकाळी गाडीत राहिला होता. ती फक्त त्याच कपातून प्यायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पोरीनं डोळे उघडले. कुणाकडेही बघितलं नाही. छताच्या दिव्याकडे बघत, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "पाणी हवंय तुला?"

आणि तिच्या आईनं एक क्षण न थांबता म्हटलं, "हो हो, देते हं सोन्या," आणि नवऱ्याच्या हातातून कप घेतला.

नर्स म्हणाली, थोडं थोडं, घोट घोट द्या. पोर तोटी चोखत राहिली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. बोरन्हाणाच्या दिवशी तिला उचलून आई स्वयंपाकघरात का गेली होती, ते मला तिथं कळलं. पाणी पाजायला. आई तिला पाणी देताना रोज विचारायची, पाणी हवंय तुला? पोरीच्या लेखी पाण्याचं नावच ते होतं. हे वाक्य म्हटलं की पाणी येतं. सगळ्यांकडून येतं, असं तिला वाटलं असणार.

कॉरिडॉरमध्ये मी तिच्या आईला गाठलं. तिथंही मला थांबता आलं नाही.

"तुला माहीत होतं."

"काय?"

"ती पाणी विचारत नव्हती, मागत होती. तुला पहिल्यापासून माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस."

तिचा आवाज चढला. "तुम्ही माझ्या मुलीला पाच तास पाणी दिलं नाहीत, आणि मला विचारताय?"

"विचारतेय. ती पोर साधी नाही. तिला ऑटिझम असणार. मी शाळेत बघितलेत असे. जीपीला सांग, नर्सरीला सांग."

"हे तुम्हाला आज दिसलं का?"

मी पर्स दुसऱ्या हातात घेतली.

"आज नाही दिसलं, मावशी. बोरन्हाणाला मी तुमचं तोंड बघितलं होतं. सगळ्या कौतुक करत होत्या आणि तुम्ही नुसत्या तिच्याकडे बघत होतात. मी वाट बघितली, आता मावशी बोलतील. मावशी सगळ्यांना बोलतात. सहा महिने वाट बघितली." तिनं गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं होतं. "हेल्थ व्हिजिटरच्या फॉर्मवर मी सगळीकडे यस केलं. बोट दाखवते का, यस. दोन शब्द जोडते का, यस. जोडतेच ना! तीन शब्द जोडते!" ती हसल्यासारखं काहीतरी करायला गेली. "बाकी कशाचं कौतुक होत नव्हतं हो तिचं. तेवढ्या एकाच गोष्टीचं व्हायचं. मी कसं सांगू लोकांना, की ती तुम्हाला विचारत नाहीये?"

मला तिला धरता आलं असतं. मी धरलं नाही. मला ते कधी जमलं नाही, आणि त्या दिवशी माझा हात तिला नकोच असेल असंही वाटलं.

तिचा नवरा बाहेर आला. सज्जन माणूस आहे. म्हणाला, "मावशी, मी तुम्हाला घरी सोडतो." गाडीत तो इतकंच बोलला की डॉक्टर म्हणालेत, उद्यापर्यंत बरी होईल. बिल्डिंगखाली गाडी थांबवल्यावर म्हणाला, "ती आमची जादा किल्ली आहे ना तुमच्याकडे, ती जरा लागेल." मी पर्समधून काढून दिली. तो थँक यू म्हणाला.

शुक्रवार गेले. पत्रं साठली. मी ती फ्रीजवर ठेवत गेले. एकात माझी डोळ्यांची अपॉइंटमेंट होती, ती चुकली.

ऑक्टोबरमध्ये ती दारात आली. बारीक झाली होती. हातात कागद होते. आता नर्सरीनंही लिहून दिलं होतं, जीपीनं पुढं पाठवलं होतं. त्या फॉर्ममध्ये एक जागा होती, घरच्यांशिवाय मुलाला जवळून ओळखणाऱ्या माणसानं काय बघितलं ते लिहायची.

"तुम्ही लिहा, मावशी. मराठीत लिहा. मी इंग्रजी करते."

"दुसरं कुणी नाही?"

"दुसऱ्या सगळ्यांनी तिचे संस्कार बघितलेत," ती म्हणाली.

मी तीन दिवस लिहीत होते. चौथीनंतर मी यादी आणि पत्रं सोडून काही लिहिलं नव्हतं. वाट्या लिहिल्या, हलव्याचे दाणे लिहिले, चवडे, मनगट धरणं, कान दाबणं. आणि शेवटी ती दुपार लिहिली, सगळी, घड्याळासकट, मी तिला काय म्हणाले त्यासकट. चार पानं झाली. तिनं उभ्यानंच वाचली. शेवटच्या पानावर थांबली, मग कागद घडी करून घेऊन गेली.

इंग्रजी केलेलं मला दाखवायला आणलं तेव्हा दोनच पानं होती. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण चाराची दोन झाली तर कळतं.

"ती दुपार?"

"नाही घातली."

"का?"

"सोशल सर्व्हिसेसवाले घरी येतील. मूल कुणाकडे ठेवलं होतं, का ठेवलं होतं. नकोय मला ते. ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

"पण खरं तर तेच आहे. त्यातच सगळं कळतं."

"मला माहितीये," ती म्हणाली. "सही करा."

मी मराठीत सही केली.

त्यानंतर पोरीच्या तपासणीबद्दल पत्र आलं. ते तिनं मला दारातच वाचून दाखवलं, चप्पल न काढता. नाव यादीत आहे. यादी मोठी आहे. तुमची वेळ आली की कळवू. मी विचारलं, कधी? ती म्हणाली, लिहिलेलं नाही. मी म्हटलं, परत वाच. तिनं परत वाचलं. तेच होतं.

अजून तीच वाट बघणं चालू आहे. पोर आता साडेचार वर्षांची झाली. शाळेत रिसेप्शनला, म्हणजे इथल्या पहिल्या वर्गाला जाते, अर्धाच दिवस, कारण पूर्ण दिवस शाळेला झेपत नाही. आईनं लंडनची नोकरी सोडली. पुण्याची आजी फोनवर म्हणते की तिकडे एकटं वाढवलंत म्हणून झालं, इकडे असती तर चुलत भावंडांत आपोआप बोलली असती. हे मला पोरीची आई जिन्यात सांगते. घरात येत नाही. पत्रं वाचते, दारात.

मी तसाच पिवळा कप शोधला. दोन कानांचा मिळाला, पण रंग जरा फिका. धुऊन, पाणी भरून पिशवीत ठेवायला लागले, कधी भेटली तर असावा म्हणून.

मागच्या आठवड्यात मायलेकी लिफ्टमध्ये भेटल्या. पोर उंच झाली आहे. ती बटणांच्या दिव्यांकडे बघत होती. चौथ्या मजल्यावर तिनं म्हटलं, "पाणी हवंय तुला?" आवाज अजून तोच, आईचा. मी म्हटलं, "हो गं, हवंय, हे घे," आणि कप काढून पुढे केला. तिनं बघितला आणि हातानं उडवला. पाणी माझ्या साडीवर सांडलं. आईनं आपल्या पिशवीतून त्यांचा कप काढला, तो तिनं घेतला आणि प्यायली.

"फिका आहे तो, मावशी," आई म्हणाली. रागानं नाही.

सहावा मजला आला, त्या उतरल्या. दार बंद होताना आईनं मागं बघितलं नाही, आणि पोर तर बघतच नाही. मी तशीच लिफ्टमध्ये वर गेले, मग खाली आले, मग परत वर. कप खाली पडला होता, तो मी वाकून उचलला.

त्या जुलैच्या दुपारी त्या घरात आम्ही दोघीच होतो, पोर आणि मी. दोघीही जगलो.